गेम क्रॅश होतोय? स्क्रीनवर नाव एकाचं, दोष दुसऱ्याचा

फोनवर गेम अडकला की आपला उपाय ठरलेला असतो. अ‍ॅप बंद करा, पुन्हा उघडा, नाहीच जमलं तर फोन रीस्टार्ट करा. गेमिंग पीसीवर गोष्ट एवढ्यात संपत नाही. तिथे एका क्रॅशमागे गेम, ड्रायव्हर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, प्रोसेसर, मदरबोर्ड, पॉवर सप्लाय आणि घरातली वीज असे सात-आठ संशयित उभे असतात. त्यात स्क्रीनवर येणारा मेसेज बरेचदा भलत्याकडेच बोट दाखवतो.

ओळखीतली मुलं असा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं, "कार्ड गेलं वाटतं." दुसरं वाक्य, "नवीन कोणतं घेऊ?" इथेच थांबायला हवं. चुकीचा पार्ट बदलला तर हजारो रुपये जातात आणि क्रॅश तसाच राहतो. चोर सोडून संन्याशाला फाशी!

गेल्या काही वर्षांत असं जगभर घडलं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या जनरेशनच्या डेस्कटॉप प्रोसेसरचं प्रकरण म्हणजे 'क्रॅशचा दोष कुणाचा?' या प्रश्नाचा अख्खा धडा आहे. हे प्रोसेसर आजही लाखो घरांत चालू आहेत, सेकंडहँड बाजारात विकले जात आहेत आणि त्यांच्या वाढीव वॉरंटीचा काळ पुढे सरकतो आहे. म्हणून आज ते प्रकरण नीट समजून घेऊ आणि त्यातून आपल्या घरच्या पीसीसाठी काय शिकायचं तेही बघू.

नेमकं काय झालं होतं?

इंटेलने १३व्या जनरेशनचे डेस्कटॉप प्रोसेसर ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात आणले आणि १४व्या जनरेशनचे ऑक्टोबर २०२३ मध्ये. दोन्ही एकाच घराण्यातले, नाव 'रॅप्टर लेक'. वरचे मॉडेल, म्हणजे कोअर आय९ १३९००के आणि १४९००के, गेमिंगसाठी त्या काळातल्या सगळ्यात वेगवान प्रोसेसरमध्ये गणले जात होते.

मग तक्रारी सुरू झाल्या. 'अनरिअल इंजिन'वर बनलेले गेम, उदाहरणार्थ फोर्टनाइट किंवा टेकन ८, सुरू होतानाच किंवा खेळता खेळता बंद पडायचे. मेसेज यायचा 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी'. म्हणजे ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली. आता ज्याच्याकडे २४ जीबी मेमरीचं कार्ड आहे त्याची मेमरी गेमच्या पहिल्याच स्क्रीनवर कशी संपेल? पण मेसेज तेच सांगत होता. त्यामुळे लोकांनी ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्याने टाकलं, काहींनी तर कार्डच बदललं. क्रॅश काही थांबला नाही.

२०२४ च्या सुरुवातीला 'रॅड गेम टूल्स' या कंपनीने जाहीरपणे सांगितलं की गोम दुसरीकडेच आहे. गेमच्या फाइल्स दाबून लहान करण्याचं आणि त्या परत उलगडण्याचं 'ऊडल' हे तंत्र याच कंपनीचं. अनेक मोठे गेम ते वापरतात. फाइल उलगडताना एका बिटचीही चूक चालत नाही, आणि इथे काही इंटेल प्रोसेसर उलगडतानाच चुका करत होते. चूक प्रोसेसरची, पण तिचा परिणाम दिसायचा ग्राफिक्सच्या दारात. म्हणून नाव यायचं कार्डाचं.

एप्रिल २०२४ मध्ये एनव्हिडियानेही आपल्या ग्राहकांना सांगितलं, की १३व्या-१४व्या जनरेशनचा इंटेल प्रोसेसर असेल आणि हा मेसेज येत असेल तर इंटेलकडे चौकशी करा.

टोलवाटोलवीचे महिने

पुढचा घटनाक्रम मला सगळ्यात बोलका वाटतो.

एप्रिल २०२४ मध्ये इंटेलचा रोख होता मदरबोर्ड कंपन्यांवर. त्यात तथ्य होतं. अनेक बोर्ड डब्यातून काढल्यापासूनच प्रोसेसरला इंटेलच्या मर्यादेपेक्षा जास्त वीज खेचू देत होते. १४९००के साठी कमाल टर्बो पॉवर २५३ वॅट आहे, पण कित्येक बोर्डांच्या बायोसमध्ये तो आकडा ४०९६ वॅट असा असायचा. ४०९६ वॅट कुठलाच प्रोसेसर खात नाही. त्याचा अर्थ एवढाच, की मर्यादाच काढून टाकलेली आहे. बेंचमार्कमध्ये आपला बोर्ड शेजारच्या कंपनीपेक्षा दोन टक्के पुढे दिसावा म्हणून ही चढाओढ.

बोर्ड कंपन्यांनी नवीन बायोस दिले. तरी क्रॅश पूर्ण थांबले नाहीत. जूनमध्ये इंटेलने सांगितलं की प्रोसेसरच्या वेग वाढवण्याच्या एका अल्गोरिदममध्ये चूक सापडली आहे, पण मूळ कारण ते नव्हे.

जुलै २०२४ मध्ये 'पाथ ऑफ टायटन्स' हा गेम बनवणाऱ्या 'अल्डेरॉन गेम्स'ने उघडपणे लिहिलं की त्यांच्याकडचे हे प्रोसेसर जवळपास सगळेच कालांतराने बिघडत आहेत, आणि आपले सर्व्हर आपण एएमडीवर नेत आहोत. हा एका कंपनीचा अनुभव होता, सगळ्या जगाची आकडेवारी नव्हे. पण त्यातली एक गोष्ट महत्त्वाची होती. सर्व्हरच्या मदरबोर्डवर गेमिंग बोर्डासारखी आक्रमक सेटिंग नसतात. तिथेही प्रोसेसर बिघडत असतील तर सगळा दोष गेमिंग बोर्डांवर ढकलून चालणार नाही.

२२ जुलै २०२४ ला इंटेलने मान्य केलं की प्रोसेसरचा स्वतःचा मायक्रोकोड चुकीने जास्त व्होल्टेज मागतो आहे. ऑगस्टमध्ये '०एक्स१२९' हा मायक्रोकोड आला. त्याने १.५५ व्होल्टच्या वर मागणी जाऊ न देण्याची व्यवस्था केली. सप्टेंबरच्या शेवटी इंटेलने मूळ कारण जाहीर केलं आणि '०एक्स१२बी' आणला. मे २०२५ मध्ये आणखी एक सुधारणा आली, '०एक्स१२एफ'. ती दिवसचे दिवस चालू राहणाऱ्या, पण हलकं काम करणाऱ्या मशीनसाठी होती.

पहिल्या विक्रीपासून मूळ कारण सापडेपर्यंत जवळपास दोन वर्षं गेली. या काळात ग्राहकाने गेमवाल्याला विचारलं तर तो ड्रायव्हरकडे बोट दाखवायचा, कार्डवाला प्रोसेसरकडे, प्रोसेसरवाला बोर्डाकडे. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडं खरं होतंच. पण पैसे भरून बसलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

प्रोसेसर आतून थकतो म्हणजे काय?

इंटेलने या बिघाडाला 'व्हीमिन शिफ्ट' असं नाव दिलं. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. प्रत्येक प्रोसेसरला ठरावीक वेगाने नीट चालायला कमीत कमी काही व्होल्टेज लागतं. ते म्हणजे व्हीमिन. हे किमान व्होल्टेज हळूहळू वर सरकत गेलं, तर काल ज्या व्होल्टेजवर प्रोसेसर बिनचूक चालत होता त्याच व्होल्टेजवर आज तो चुका करायला लागतो. सेटिंग तीच, गेम तोच, पण क्रॅश मात्र नवा.

हे सरकणं होत होतं क्लॉकच्या सर्किटमध्ये. प्रोसेसरमधला क्लॉक म्हणजे लेझीम पथकातला ढोल. ठोका बरोबर पडला तर सगळ्यांचे पाय बरोबर पडतात. जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमानामुळे हे सर्किट लवकर म्हातारं होत होतं आणि ठोका किंचित बिघडत होता. ठोका चुकला की हिशेब चुकतो, हिशेब चुकला की गेम कोसळतो.

गंमत म्हणजे जास्त व्होल्टेजची मागणी फक्त गेम खेळतानाच होत नव्हती. ०एक्स१२बी ने सुधारलेली चूक अशी होती की मशीन जवळपास रिकामं बसलेलं असताना किंवा हलकं काम करत असतानाही जास्त व्होल्टेज मागितलं जायचं. म्हणजे 'मी कुठे इतका खेळतो' असं म्हणून सुटका नव्हती.

फोनवाल्यांना याचा एक भाऊ ओळखीचा असेल. काही वर्षांपूर्वी जुने आयफोन बॅटरी शिल्लक दिसत असतानाही अचानक बंद पडायचे. बॅटरी जुनी झाली की एकदम लागणारी जास्त वीज ती देऊ शकत नाही. अ‍ॅपलने अपडेटमधून गुपचूप वेग कमी करून ते झाकलं आणि डिसेंबर २०१७ मध्ये तसं मान्य केलं. तिथे बॅटरी बदलून फोन पुन्हा तरुण होत होता. इथे तशी सोय नाही. झिजलेला प्रोसेसर कुठल्याच अपडेटने दुरुस्त होत नाही. मायक्रोकोड पुढची झीज रोखण्यासाठी आहे, झालेली भरून काढण्यासाठी नाही. आधीच क्रॅश होत असेल तर उपाय एकच, प्रोसेसर बदलून घेणे.

शिवाय १३व्या जनरेशनच्या सुरुवातीच्या काही मालात उत्पादनातला ऑक्सिडेशनचा दोष होता. तो २०२३ मध्ये दूर केल्याचं इंटेलने सांगितलं. तो वेगळा विषय, दोन्हींची गल्लत करू नका.

आणि हे फक्त इंटेलचंच दुखणं आहे असंही समजू नका. २०२३ मध्ये एएमडीचे काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर मदरबोर्डवरच जळाले होते. तिथेही बोर्डाकडून जाणारं जास्त व्होल्टेज हा मुद्दा होता, आणि नंतर त्यातलं एसओसी व्होल्टेज १.३ व्होल्टवर मर्यादित करण्यात आलं. 'डिफॉल्ट' म्हणजे 'सुरक्षित' हे आपण धरून चालतो. या दोन्ही प्रकरणांनी ते गृहीतक मोडलं.

मग आपल्या घरी कसं शोधायचं?

आता कामाचं. तुमचा प्रोसेसर कोणताही असो, हा क्रम उपयोगी पडेल. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदला. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि क्रॅश थांबला, तर कशाने थांबला ते कधीच कळणार नाही.

१. आधी नोंद. हातात फोन आहे, त्याचा उपयोग करा. क्रॅश झाला की स्क्रीनचा फोटो काढा. फ्रीझ होत असेल तर व्हिडिओ घ्या. तारीख, वेळ, कोणता गेम, किती वेळ चालू होता, हे नोट्समध्ये लिहा. आठ दिवसांच्या नोंदीतून जे कळतं ते अंदाजाने कळत नाही.

२. क्रॅशचा प्रकार ओळखा. फक्त गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसतो? मग गेम, ड्रायव्हर, रॅम किंवा प्रोसेसर. स्क्रीन काळी आणि पंखे जोरात फिरतायत? आधी ग्राफिक्स कार्ड आणि त्याची वीज तपासा. बटण दाबल्यासारखा पीसी क्षणात बंद होऊन पुन्हा सुरू होतो? पॉवर सप्लाय किंवा घरातली वीज. आवाज अडकून सगळंच गोठतं? रॅम, प्रोसेसर किंवा स्टोरेज. हे अंतिम निदान नाही, पण सुरुवात कुठून करायची ते ठरतं.

३. विंडोजची डायरी वाचा. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा. कोणत्या दिवशी काय कोसळलं याचा तक्ता दिसेल. एकच गेम कोसळतोय की वेगवेगळी अ‍ॅप्स, ते बघा. एकच गेम असेल तर संशय गेमवर. ब्राउझर, गेम, इन्स्टॉलर असं काहीही कुठेही कोसळत असेल तर संशय हार्डवेअरवर. मग 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून सिस्टिम लॉग बघा. तिथे 'कर्नल पॉवर ४१' दिसलं तर घाबरू नका. त्याचा अर्थ फक्त एवढाच, की पीसी नीट शटडाउन न होता बंद पडला. का पडला ते त्यात नसतं. 'व्हिया लॉगर'ची नोंद असेल तर मात्र हार्डवेअरने स्वतः तक्रार केली आहे.

४. ओव्हरक्लॉक काढा. यात रॅमचं 'एक्सएमपी' किंवा 'एक्सपो' प्रोफाइलही येतं. ते चालू करणं सर्रास चालतं, पण तांत्रिकदृष्ट्या ते ओव्हरक्लॉकच आहे. बायोसमध्ये बंद करा आणि दोन दिवस खेळून बघा. क्रॅश थांबला तर धागा मिळाला.

५. फुकटचे उपाय. गेमच्या फाइल्स व्हेरिफाय करा. ग्राफिक्स ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाका. डिस्कवर मोकळी जागा आहे ना बघा. मेमटेस्ट८६ रात्रभर चालवून रॅम तपासा. दोन स्टिक असतील तर एकेक लावून बघा.

६. प्रोसेसरची परीक्षा. रॅप्टर लेकच्या बिघाडाची एक ठळक खूण म्हणजे फाइल उलगडताना होणारी चूक. मोठी झिप फाइल 'करप्ट आहे' म्हणते, पण तीच फाइल दुसऱ्या मशीनवर नीट उघडते. ड्रायव्हरचा इन्स्टॉलर मध्येच अडतो. गेम सुरू होताना 'कंपायलिंग शेडर्स' चालू असताना क्रॅश होतो, कारण त्या वेळी सगळे कोअर एकदम कामाला लागतात. 'के' मॉडेल असेल तर परफॉर्मन्स कोअरचा रेशो ५५ वरून ५३ वर आणून बघा. तेवढ्याने क्रॅश थांबले तर संशय प्रोसेसरवर पक्का होतो. पण हे निदान आहे, इलाज नाही. पूर्ण वेगाचे पैसे दिलेत, तर कमी वेगावर समाधान मानायचं कारण नाही.

७. बायोस अपडेट. १३वी-१४वी जनरेशन असेल आणि क्रॅश होत नसतील, तरीही हे करा. मदरबोर्ड कंपनीच्या साइटवर अगदी तुमच्याच मॉडेलचा बायोस शोधा, त्यात ०एक्स१२बी किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड आहे का वाचा. अपडेटनंतर बायोसमध्ये 'इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज' निवडा. चालू मायक्रोकोड कोणता आहे ते 'एचडब्ल्यूइन्फो' या मोफत प्रोग्रॅममध्ये दिसतं. एक काळजी मात्र घ्या. बायोस अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड बसू शकतो. यूपीएस नसेल तर ज्या दिवशी तुमच्या भागात वीज बंद असते तो दिवस टाळा, पावसाळी संध्याकाळही टाळा.

लॅपटॉपवाल्यांसाठी एक ओळ. या बिघाडाचा परिणाम आपल्या लॅपटॉप प्रोसेसरवर होत नसल्याचं इंटेलचं म्हणणं आहे. तुमचा लॅपटॉप क्रॅश होत असेल तर वरचे बाकीचे टप्पे तपासा.

उन्हाळा आणि वीज

जुलै २०२५ मध्ये युरोपात उष्णतेची लाट आली होती. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचे इंजिनिअर गॅब्रिएले स्वेल्टो यांनी तेव्हा सांगितलं की रॅप्टर लेक असलेल्या मशीनवरून येणारे क्रॅश रिपोर्ट इतके वाढलेत, की ते कुठून येतात यावरून कोणत्या देशात उन्हाचा कडाका आहे ते ओळखता येईल. ब्राउझर, बरं का! गेमही नाही.

आता आपल्याकडे बघा. नागपूर, चंद्रपूर, अकोला इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पीसी खोलीतलीच हवा आत घेऊन थंड होतो. खोली दहा अंशांनी तापली की आतले पार्टही साधारण तेवढेच जास्त तापतात. १४९००के सारखा प्रोसेसर १०० अंशांना पोचला की स्वतःचा वेग कमी करतो, हे त्याचं संरक्षण आहे. पण काठावर असलेला, थोडा झिजलेला प्रोसेसर त्याआधीच चुका करू शकतो. 'हिवाळ्यात नीट चालतो, एप्रिलपासून क्रॅश' ही नोंद म्हणूनच महत्त्वाची. कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नका, जाळीवरची धूळ काढा, तापमान बघत खेळा.

विजेचंही तसंच. पीसी क्षणात रीस्टार्ट होत असेल तर तो फ्रीज किंवा पंप सुरू होण्याच्या वेळी होतो का, बघा. अर्थिंग आहे का, इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर गेमिंग पीसीचे काही पॉवर सप्लाय त्यावर नीट चालत नाहीत, लाइट गेली की इन्व्हर्टर असूनही पीसी बंद पडतो. या कारणाने ग्राफिक्स कार्ड बदलण्यात काय अर्थ?

वॉरंटी: इथे खरा पैसा आहे

ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बॉक्समध्ये मिळणाऱ्या प्रोसेसरवर ती तीन वर्षांची होती, ती पाच झाली. यादीत दोन्ही जनरेशनमधले आय५ चे ६०० के आणि केएफ, तसंच आय७ ७०० आणि आय९ ९०० मालिकेतले मॉडेल आहेत. म्हणजे ज्याने ऑक्टोबर २०२२ मध्ये अगदी पहिला प्रोसेसर घेतला त्याची मुदत ऑक्टोबर २०२७ पर्यंत. 'तीन वर्षं झाली, आता काही मिळणार नाही' असं कुणी सांगितलं तर ऐकून घरी येऊ नका.

अडचण कुठे येते? लॅमिंग्टन रोडवर असेम्बल करून घेतलेला पीसी असो की गावातल्या दुकानातून, अनेकांकडे पक्कं बिल नसतं. डबा रद्दीत गेलेला असतो. काही वेळा प्रोसेसर बॉक्सचा नसून 'ट्रे'चा असतो, म्हणजे कंपन्यांना खोक्याने विकला जाणारा. ट्रेच्या प्रोसेसरसाठी ज्याच्याकडून घेतला त्या विक्रेत्याकडेच जावं लागतं. म्हणून नवीन पीसी घेताना तीन गोष्टी करा. जीएसटी बिल घ्या आणि त्यावर मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्या. डब्यावरच्या बॅच आणि सिरीयल नंबरचा फोटो काढा. कूलर बसवण्याआधी प्रोसेसरच्या धातूच्या टोपीचाही फोटो घ्या, नंतर त्यावर पेस्ट बसते आणि अक्षरं दिसत नाहीत. तिन्ही फोटो स्वतःला ईमेल करून ठेवा.

दुकानदार आणि कंपनी एकमेकांकडे पाठवत राहिले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. तिथे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. त्यानेही भागलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं असतं. तिथे तुमच्या बाजूने बोलणार आहे ती तुमची नोंद. पहिल्या टप्प्यातले फोटो, व्हिडिओ आणि तारखा इथे कामाला येतात.

सेकंडहँड घेणाऱ्यांना तर दुप्पट काळजी हवी. आय९ १३९००के स्वस्तात मिळतोय म्हणून उडी मारू नका. आधीच्या मालकाने तो कोणत्या बायोसवर, किती काळ चालवला ते तुम्हाला दिसत नाही. मूळ बिल मागा, वॉरंटी किती उरली ते बघा, समोर बसून शेडर कंपाइल होणारा गेम सुरू करून बघा, मोठी झिप फाइल दोन-तीनदा उलगडून बघा. विकणारा नको म्हणाला तर तुम्हीही नको म्हणा.

माझं मत

इंटेलने वॉरंटी वाढवली आणि सुधारणा दिल्या, हे मान्य करायला हवं. पण माल परत बोलावला नाही. परिणाम असा, की आपला प्रोसेसर झिजलाय हे ओळखण्याचं आणि सिद्ध करण्याचं काम ग्राहकावर येऊन पडलं. ज्याने ही बातमी वाचली त्याने बदलून घेतला. ज्याने वाचली नाही तो आजही गेमला शिव्या देतो, विंडोज फॉरमॅट करतो आणि नव्या कार्डासाठी पैसे साठवतो. गाडीच्या ब्रेकमध्ये दोष निघाला तर कंपनी मालकाला पत्र पाठवते. पन्नास हजारांच्या प्रोसेसरमध्ये दोष निघाला तर मालकाने स्वतः बातम्या शोधायच्या, हे मला पटत नाही. बायोस जुना आहे, त्यात धोका आहे, हे विंडोजने किंवा बोर्डाने स्क्रीनवर ठळक सांगायला काय हरकत होती?

ते होईपर्यंत आपल्या हातात काय आहे? थोडा धीर, एक वही आणि बिलाचा फोटो. स्क्रीनवरचा मेसेज गेम कुठे पडला ते सांगतो, त्याला कुणी ढकललं ते आपल्यालाच शोधावं लागतं.

तुमच्या मित्रांपैकी कुणाकडे १३व्या किंवा १४व्या जनरेशनचा पीसी असेल तर आज त्याला एवढंच विचारा, "बायोस शेवटचा कधी अपडेट केलास?" उत्तर "बायोस म्हणजे?" असं आलं तर हा लेख त्याला पाठवा.